अक्कलदाढेचं वय

३ मार्च

धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझं जहाज कुठल्या बंदराला लागेल आणि हा कागद तुझ्या हातात कधी पडेल, देव जाणे. पण एक बरं आहे, पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

भांडायला लिहीत नाहीये. बाबांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, त्यावरून मी फोनवर बोलले ते बोलले. परत घेणार नाही आणि परत उगाळणारही नाही. कारण वेगळंच आहे. काल आईकडे गेले तर टेबलावर पाकीट, वर तुझं अक्षर. म्हटलं, आला एकदाचा शहाणपणा. हातात घेतलं तर 'मोठ्या ताईस'!

मला बाबा गेल्यापासून एक ओळ नाही आणि जिला तू डोळ्यांनी पाहिलंही नाहीस तिला ते जाडजूड पाकीट. आतलं वाचलं नाही मी, तेवढ्या थराला काही गेले नाही. पण पाकिटावरच लिहून ठेवलंस तर काय डोळे मिटून घेऊ?

ती मोठी ताई. मग मी कोण? छोटी? मधली? तू जन्मलास त्या दिवसापासून या घरातली ताई मी. तुला शाळेत सोडायला मी, तुझ्या मारामाऱ्या निस्तरायला मी, कॉलेज सोडून जहाजावर निघालास तेव्हा बाबांसमोर उभी राहायलाही मीच. आणि एक दिवस दारात एक बाई सुटकेस घेऊन उभी राहते आणि माझं ताईपण खिशात घालते.

आईनं तुला काय कळवलंय ठाऊक नाही, म्हणून सरळ सांगते. बाबा गेल्यावर थोड्याच दिवसांत ती आली. बाबांचीच मुलगी, त्यात शंका नको. मीच हट्टानं आम्हा दोघींची तपासणी करवली आणि बाप एकच निघाला. आईचं म्हणणं असं, की लग्नाआधी जमीनमोजणीच्या कामावर गावोगाव हिंडताना बाबांचं एका बाईशी जुळलं होतं. ही मुलगी झाली. मग घरच्यांनी आईशी लग्न लावून दिलं आणि बाबांनी तिकडचं दार कायमचं बंद केलं. म्हणजे ही माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. कागदावर लहान आहे, पण 'शाळेत घालताना वय कमी लावलं होतं' म्हणे. तिची आई वारली, बाबांच्या निधनाची बातमी पेपरात दिसली आणि निघाली इकडे.

"लग्नाआधीचं आहे, त्याचं काय मनावर घ्यायचं," आई म्हणते. जणू लग्नाआधी बाबांकडे एक सायकल होती.

ती शिलाईची मशीनं दुरुस्त करते. आईचं ते जुनं मशीन, जे 'टाकून दे' म्हणून मी थकले, तिनं बसल्या बैठकीला चालू केलं. आता मी गेले की आई आधी मशीन दाखवते. "बघ कसं चालतंय!" मशीनच आहे, चालणारच. तुझी खोली तिला दिली आहे. दोघी संध्याकाळी दार लावून गप्पा मारत बसतात आणि मी आत गेले की गप्प होतात.

हो, माझ्या पोटात दुखतंय. लिहून टाकलं, बास.

तुझी ताई (कितवी ते तूच ठरव)


२६ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी! 'मन मोठं कर. आपल्याला आणखी एक बहीण मिळाली.' तुला मिळाली असेल. तू समुद्रात आहेस, तुला कोणीही मिळालं तरी चालतं.

तरी तुझं ऐकून मन मोठं केलं, ते ऐक. पाहुणीचा गाल सुजला होता. (मी तिला पाहुणी म्हणते. आईला आवडत नाही.) अक्कलदाढ आडवी आलेली, आत किडलेली. आई माझ्याकडे अशी बघायला लागली, की मीच म्हटलं, माझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीण बाई आहेत, नेते. रजा टाकून नेलं. रिक्षाचे पैसेही तिला देऊ दिले नाहीत. आहे की नाही मोठं मन?

पण तिथे एक गोष्ट घडली. बाहेर बाकावर बसलो होतो. रेडिओवर एक जुनं गाणं लागलं. पाहुणी गालावर हात धरून बसलेली, एकदम म्हणाली, "हे बाबा म्हणायचे."

"बाबा? गाणं?"

"कामावरून आले की हातपाय धुताना. मी टॉवेल घेऊन उभी असायचे, तर मुद्दाम पुढचं कडवं सुरू करायचे. मला तसंच ताटकळत ठेवायचे."

हसली सुद्धा, त्या सुजलेल्या तोंडानं.

धाकट्या, आपल्या घरात बाबांनी कधी शीळ तरी घातली का रे? मी आठवून आठवून दमले. चपला काढायचे, पेपर उघडायचे, पेपरामागून 'हं' म्हणायचे. आपल्याला तो 'हं' मिळाला, आणि हिला कडवी!

मी विचारलं, "तू तर तेव्हा दीड वर्षाची होतीस ना?"

ती गडबडली. "म्हणजे, आई सांगायची." आणि तेवढ्यात तिला आत बोलावलं.

दीड वर्षाचं पोर टॉवेल घेऊन उभं राहतं होय? एवढंच लिहिते आहे. तू विचार कर, मी तर करतेच आहे.

ताई


१४ एप्रिल

धाकट्या,

तू लिहितोस, आईनं पुन्हा पुन्हा सांगितलेलं माणसाला स्वतःचंच आठवतंय असं वाटतं. असेल. जहाजाच्या इंजिनात राहून माणूस बराच तत्त्वज्ञ होतो असं दिसतंय.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. दाढ माझ्याकडे आहे.

चोरली नाही, मागून घेतली. म्हटलं, "आमच्या प्रयोगशाळेला ज्यांचं वय माहीत आहे अशा माणसांचे दात लागतातच, दे मला." तिनं दिली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर वय लिहायचं असतं, म्हणून पेन पुढे केलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, आणि सावकाश लिहिलं, अठ्ठेचाळीस.

मी काय काम करते हे तू कधी धड विचारलं नाहीस. 'ताई दात मोजते' असं मित्रांना सांगायचास. तर आज ऐक.

आपलं शरीर ज्या रेणूंचं बनलंय त्यांतले कितीतरी जोडीनं असू शकतात, आपल्या दोन हातांसारखे. तेच अणू, त्याच जोडण्या, तरी डावा तो डावा आणि उजवा तो उजवा. उजवा हातमोजा डाव्या हाताला बसत नाही तसं. प्रयोगशाळेत साध्या रीतीनं बनवलं तर दोन्ही सारखेच होतात. पण जिवंत शरीर प्रथिनं बांधताना डावेच निवडतं. आपलं नाकसुद्धा हात ओळखतं. एकाच रेणूच्या एका हाताला पुदिन्याचा वास येतो, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा.

आता दाताचं. कातडी, रक्त, स्नायू, शरीर हे सगळं मोडतं आणि नव्यानं बांधतं. दाताच्या आतला थर मात्र एकदा तयार झाला की कोणी त्याची डागडुजी करत नाही. तिथे बसलेल्या डाव्या रेणूंपैकी एखादा, निव्वळ अंगातल्या उबेनं, पलटतो आणि उजवा होतो. मग आणखी एखादा. याला आम्ही रेसिमीकरण म्हणतो. डावे-उजवे निम्मे-निम्मे होईपर्यंत ते चालू राहायचं, पण तेवढं माणसाचं आयुष्य पुरत नाही. म्हणून किती उजवे झाले ते मोजलं की दात किती वर्षं तोंडात होता ते कळतं. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होतात. सहा-सात वर्षांची चूक होत नाही.

कोर्टातून आमच्याकडे माणसं येतात, 'मी अजून अल्पवयीन आहे' म्हणणारी, 'मला पेन्शन लागू झाली' म्हणणारी. कागद काहीही म्हणो, तोंड खोटं बोलो, दात बोलत नाही. तो नुसता पलटत राहतो.

तर पाहुणीची दाढ मी स्वतः कापली, आतला थर वेगळा केला, कुटला, आम्लात गरम करायला ठेवला. इथे फार जपावं लागतं. ताप जास्त झाला तर त्या तापानंच रेणू पलटतात आणि माणूस आहे त्याहून म्हातारा ठरतो. ती लहान निघावी असं मला वाटतंय, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून दुप्पट जपले. तुलना करायला सगळ्या अक्कलदाढाच घेतल्या, कारण ही दाढ उशिरा येते, बाकी दातांच्या मापानं मोजली तर घोटाळा होतो. मत्सर करायचा तो करीन, पण काम गबाळं करणार नाही.

निकाल आला की कळवते. ती लहान निघाली तर अर्थ काय, ते तूही समजून घे. लग्नाआधीचं काही नव्हतं. आपण घरात होतो, आई घरात होती, आणि बाबा तिकडे हातपाय धुताना गात होते.

ताई


४ मे

धाकट्या,

निकाल आला. माझा संशय खोटा ठरला. ती अठ्ठेचाळीसचीच आहे. तुझ्या तत्त्वज्ञानाचा विजय झाला. गाणं तिला आईनं सांगितलेलंच असणार.

बाबांच्या मनात तुझ्याविषयी कडवटपणा नव्हता. शेवटच्या आठवड्यात दोनदा विचारलं होतं, कुठल्या बंदरात आहे म्हणून. मी रागात होते, तुला सांगितलं नाही. आता सांगते.

घशाला जप. तिकडच्या थंडीत तुझा घसा नेहमी धरतो.

ताई


११ मे

वर काहीच लिहिलेलं नाही, कारण तुला काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. पाहुणी म्हणवत नाही, आणि दुसरं काही जिभेवर येत नाही. तुझा पत्ता मशीनच्या दुकानदाराकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याला फार पिडलं.

आधी एक कळवते. धाकट्याला मी लिहिलं, की दाढेच्या निकालात तू अठ्ठेचाळीसची निघालीस. हे खोटं आहे हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे, आईला माहीत आहे. तुझी दाढ एक्केचाळीस सांगते. मी कोर्टात शपथेवर वय सांगते, आणि आजवर एकाचंही वय माझ्या पदरचं लावलेलं नाही. पहिलं तुझं. आम्लाला थोडा ताप जास्त दिला असता, तर यंत्रानंच ते खोटं माझ्यासाठी लिहून दिलं असतं. पण मला ते कागदावर माझ्या हातानंच लिहायचं होतं.

निकाल हातात आला त्या दिवशी मी दारातूनच ओरडले. "आई, ही एक्केचाळीसची आहे! धाकट्याएवढी!" तू मशीनखाली वाकली होतीस, हातात तेलाची कुपी. मी कल्पना केली होती की तू पांढरीफटक पडशील. तू कुपीला झाकण लावलंस आणि म्हणालीस, "झालं का मोजून?"

"तुला माहीत होतं मी मोजणार?"

"दाढ मागितलीस तेव्हाच कळलं. दुसऱ्याची किडकी दाढ कोणी प्रेमानं मागतं का?"

"मग दिलीस कशाला?"

"मोठेपणाचा कंटाळा आला होता गं," म्हणालीस. एवढंच. सुटकेस भरायला तुला किती कमी वेळ लागतो! आईनं जिन्यावरून हाक मारली, तू वळलीही नाहीस. मी जिंकले होते. खरं सांगते, तुझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत मला छान वाटत होतं.

मग मी आत आले. आई मटार सोलत बसली होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"तिनं तुला फसवलं आई."

"मला कोणी फसवलं नाही. दारात आली तेव्हा खरं तेच बोलली ती. वय सांगितलं, सगळं सांगितलं. मीच तिला म्हटलं, या घरात यायचं असेल तर मोठी होऊन ये."

मी खुर्चीत बसले. आईच्या हातातली शेंग थांबली नाही.

"धाकटा पोटात होता," ती म्हणाली. "सातवा लागला होता. मोजणीवरची सगळी माणसं घरी परतली, हे आले नाहीत. त्यांच्यातल्या एकाची बायको मुद्दाम चालत आली मला सांगायला, चेहरा पाडून. मी तिला चहा केला. हे आले तेव्हा पाणी दिलं. विचारलं काही नाही. पुढे पाच-सहा वर्षं जात राहिले, मग थांबले. का थांबले तेही विचारलं नाही."

"आणि त्या बाईची मुलगी दारात आली, तर तिला धाकट्याची खोली दिलीस? माझ्यासमोर कौतुक करत बसलीस?"

आईनं टरफलं एका बाजूला सारली. मला वाटलं, आता म्हणेल, पोरीचा काय दोष. तसं म्हणाली असती तर मी तिला थोर मानून घरी गेले असते.

"मला त्या बाईबद्दल विचारायचं होतं," आई म्हणाली. "उंच होती का. केस लांब होते का. यांचे कपडे कोण धुवायचं. जेवताना हे तिच्याशी बोलायचे का. एवढी वर्षं इथे बसलंय." तिनं छातीवर मूठ ठेवली, मुठीत मटारचे दाणे. "यांना विचारणं माझ्यानं झालं नाही. यांच्यानंतर विचारणार कोणाला? ती पोर दारात उभी राहिली तेव्हा मला राग आला नाही गं. मला वाटलं, आता कळेल."

दार लावून तुम्ही काय बोलायचात, ते मला तेव्हा कळलं. मी समजत होते, मत्सरात या घरात माझा हात धरणारं कोणी नाही. आईनं तर त्यावर जन्म काढलाय, एक शब्द न बोलता, आमचे डबे भरत.

"मग कळलं का?" मी विचारलं.

"ठेंगणी होती," आई म्हणाली. "आणि कपडे तीच धुवायची." मग तिला हसू फुटलं आणि हसताहसता ती रडायला लागली. मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. आम्ही दोघींनी मिळून मटार संपवले. दुसरं काही सुचलं नाही.

धाकट्याला कळवू नकोस, असं तिनंच सांगितलं. त्याला जन्मभर वाटत आलंय की बाबांना तो नकोसा होता. तो जन्मला त्याच वर्षी बाबा दुसऱ्या पाळण्यापाशी होते, हे त्याला कळलं तर तो आई मेल्यावरही घरी यायचा नाही. तू लग्नाआधीची असलीस तर बाबा फक्त तुझे गुन्हेगार राहतात. तुझ्यावर हा अन्याय आहे, मला दिसतो. तो माझ्या सहीनं झालाय, म्हणून तुला कळवणं भाग आहे. त्याच्यापुरती तू आता कायमची मोठी. कंटाळा आला तरी.

मला तुझा राग येणं थांबलेलं नाही. तू मटार खायला नव्हतीस, तरी आईनं तुझ्यासाठी वाटीभर बाजूला काढले, तेव्हाही आला. मशीनवर कापड घालून ठेवलंय. मी तिला म्हटलं, मी शिकते चालवायला. "तुझ्यानं दोरा तरी ओवला जाईल का?" म्हणाली. पोस्टमनची चाहूल लागली की खिडकीशी जाते आणि मला सांगते, हवा खाते आहे.

तर परत ये. ती तुला बोलावणार नाही; तिला विचारता येत नाही, हे आता आपल्या दोघींनाही माहीत आहे. म्हणून मी बोलावते. तिच्या प्रश्नांचा जाच होईल तेव्हा मला सांग, मी मध्ये पडेन. तुझ्या आईबद्दल तिला हवं ते सगळं सांग. फक्त बाबा तिथे गायचे, हे सांगू नकोस. हे तिनं अजून विचारलेलं नाही. तिला सुचलंच नसणार की असंही काही विचारायचं असतं. ते तुझं तुझ्याजवळ ठेव. माझ्याजवळ तर ते आलंच आहे, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

धाकट्याची खोली तशीच आहे. किल्ली शेजारी ठेवली आहे. सोमवारपासून शनिवारपर्यंत आई तुझी, मी मध्ये येणार नाही, फोनही करणार नाही. तुम्ही दार लावून बसा, नाहीतर उघडं ठेवून बसा. पण रविवारी सकाळी तू कुठेतरी कामाला जा. दुकान बंद असेल तर फिरायला जा. रविवार माझा आहे.